शेवटच्या ओळीतलं नाव

बापूच्या खोलीवर पाटी होती ती एवढीच: 'येथे रेकॉर्डिंग होईल'. कशाचं होईल, केव्हा होईल, किती वेळ लागेल, काही पत्ता नाही. पांढुर्ण्याच्या स्टेशनाच्या कुंपणापलीकडे बापूच्या वडिलांची संत्री भरायची लांबलचक खोली होती. बोरगावकडच्या त्यांच्या बागेतली संत्री तिथे गवतात घालून पेट्यांत भरली जायची. त्या खोलीचा मागचा तिसरा हिस्सा बापूने भिंत घालून मागून घेतला, पुढे पेट्या राहिल्या आणि मागे मशीन आलं. आधी तो लग्नांना भोंगे लावायचा, रेडिओ दुरुस्त करायचा. नागपूरहून त्याने जुनं, मोठ्या चकत्यांचं टेपचं मशीन आणलं, दोन माइक आणले, आणि भिंतींना गाद्या ठोकल्या. हो, गाद्याच. आमच्या भागात कापसाला काय तोटा! त्याच्या आईने जाड खादीच्या खोळी शिवल्या, सरकी काढलेला कापूस दाबून भरला, आणि छतापासून जमिनीपर्यंत सगळं मढवून टाकलं. माझे बाबा सुट्टीला तिथे जाऊन बसायचे, मीही त्यांच्यासोबत असायची. पहिल्यांदा आत गेले तेव्हा टाळी वाजवून पाहिली. टाळी हातातच राहिली. मग मी "ओ" केलं, तेही तोंडापुढेच पडलं. बापू दारातून म्हणाला, "झालं का वाजवून? का थाळी देऊ?" मला तेव्हा सतरावं चाललं होतं, आणि इतकी मजेची जागा मी त्याआधी पाहिली नव्हती, अगदी खोटं नाही सांगत.

तिथे काय काय भरलं जायचं म्हणून सांगू! गोंधळी यायचे, भजनवाले यायचे, निवडणुकीत सगळ्याच पार्ट्यांचे लोक एकामागून एक येऊन त्याच माइकात एकमेकांना चोर म्हणून जायचे. एका गुरुजींनी दोनपासून तीसपर्यंतचे पाढे चालीत म्हणून घेतले, सव्वीसला अडकले, पुन्हा दोनपासून सुरू केलं. तिगावजवळचा एक म्हातारा बैल विकायच्या आधी त्याला घेऊन आला होता. बैल काही दारातून आत जाईना, म्हणून बापूने वायर लांबवून माइक बाहेर नेला आणि बैलाच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेचा आवाज भरून घेतला. म्हाताऱ्याकडे टेप वाजवायचं मशीन नव्हतं. "मंग ऐकसान कसे?" बापूने विचारलं. "ऐकाले नाही पाह्यजे. हाये एवढं बस झालं," म्हातारा म्हणाला. मी बापूला सारखं विचारत असे की आवाज फितीवर बसतो तर दिसत का नाही, फीत उलटी फिरवली तर माणूस उलटा का बोलतो. तो एकदा वैतागला, "विमल, मले एवढं मालूम असतं त मी पांढुर्ण्यात असतो का?" बापूची आई आम्हाला चहा काचेच्या गिलासात द्यायची. कपबश्या आत होत्या, आमच्यासाठी नव्हत्या, हे आम्हालाही ठाऊक होतं आणि तिलाही. बापूही मग आमच्यासोबत गिलासातच प्यायचा, आईच्या तोंडावर.

आम्ही राहायचो तिगावला, रुळाच्या अंगाला असलेल्या वस्तीत. बाबा रेल्वेत गँगमन होते. दिवसभर रुळावर घण, आणि संध्याकाळी विहारापुढच्या ओट्यावर पेटी. त्यांची भजन पार्टी होती. बाबा पेटी वाजवायचे आणि गायचे, सुखदेवकाका ढोलकीवर, दोघे झांजेवर, आणि मागे म्हणायला मी आणि माझी चुलत बहीण. बाबांचा आवाज असा की गावात भोंगा लावायची गरज नसे. जयंतीच्या दिवसांत मोहगाव, सौंसरपर्यंत बोलावणी यायची. लोक म्हणायचे, देवराव नुसता गात नाही, गाणी बनवतो. बनवतो याचा पुरावा शेवटच्या ओळीत असायचा. आमच्याकडे गाणं बनवणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो, 'अमका म्हणे' असं. ते नाव आलं की लोक माना डोलवतात, कोणी चिल्लर काढून पेटीवर ठेवतो. बाबांना रुळावर कोणी नावाने हाक मारत नसे, तिथे ते 'ए गँगमन' होते. त्यांचं नाव ऐकू यायचं ते फक्त गाण्याच्या शेवटी.

आता खरं सांगते. गाणी आई बनवायची. हे काही गुपित नव्हतं, पण बोलायची गोष्टही नव्हती. आई मजुरीने कापूस वेचायला जायची. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांत, आणि तोंडाने काहीतरी चालू. मी सुट्टीत सोबत जायची तेव्हा पाहायची, एक तास शोधून एक ओळ सापडायची, मग ती अख्खा दिवस तीच फिरवायची, एक शब्द काढ, दुसरा बसव. संध्याकाळी चुलीपुढे भाकरी थापता थापता बाबांना म्हणून दाखवायची. बाबा पेटीवर चाल धरायचे, "इथं वर ने," "हे लांबव," आणि शेवटी आपलं नाव घालायचे. आई आंबाडीच्या भाजीत कण्या टाकत असायची, तिने कधी मान वर करून पाहिलं नाही. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. घरात ज्वारी बाबांच्या नावाने यायची, रेशनकार्ड बाबांच्या नावाने होतं, गाणं त्यांच्या नावाने झालं तर काय मोठं!

त्या वर्षी पार्टीने ठरवलं की जयंतीच्या आधी आपली कॅसेट काढायची. सगळ्यांनी वर्गणी केली, बापूने कमी पैशात दुपार दिली. त्याची एकच अट होती: भरून झालेलं चकतीचं मोठं टेप दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला जायला हवं, तरच तिथून कॅसेटी वेळेवर निघतील. बाबा महिनाभर जमिनीवर नव्हते. घण मारता मारता गात, जेवता जेवता गात, आणि व्हायचं तेच झालं, दोन दिवस आधी घसा बसला. नुसता बसला नाही, पार निजला. आईने हळदीचं दूध दिलं, तुरटीच्या गुळण्या दिल्या, शेजारणीने ज्येष्ठमध आणून दिला, सुखदेवकाकांनी काळे मिरे चघळायला सांगितले. बाबांनी सगळं एकाच दिवशी केलं. त्यामुळे घसा तर गेलाच, पोटही बिघडलं. बोलायला गेले की फक्त हवा यायची. ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं, तेही आवाजाशिवाय.

आईच म्हणाली, "मी गाते. चाल मले येते. तुम्ही पेटी धरा."

बाबांनी मान हलवली. दुसरा मार्गच नव्हता. सगळी गाणी पाठ असणारं दुसरं माणूस घरात नव्हतं.

पॅसेंजरने आम्ही पांढुर्ण्याला उतरलो. पेटी बाबांच्या खांद्यावर, ढोलकी काकांच्या बगलेत, आणि आई नव्या लुगड्यात, अवघडलेली, जणू दुसऱ्याच्या लग्नाला आली आहे. बापूच्या खोलीत काम करायची एक रीत होती. स्टेशन शेजारी, म्हणजे गाडी आली की गाद्याबिद्या सगळ्या फुकट, जमिनीतूनच घरघर वर यायची. म्हणून बापूने भिंतीवर कोळशाने गाड्यांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या आणि दोन गाड्यांच्या मधे गाणं बसवायचं. पण मालगाड्यांचं काय करणार, त्या कुठे लिहून येतात? त्यात बाबा कामाला यायचे. ते उंबऱ्यावर तळपाय टेकून उभे राहत आणि बोटं दाखवत, दोन म्हणजे दोन मिनिटं आहेत. बापूला कधी कळलं नाही त्यांना कसं कळतं. मलाही अजून कळलेलं नाही. आता माझी नात फोनवर बोट ठेवून गाणं भरते, मागे कुकरची शिट्टी झाली तरी मशीन म्हणे ती आपोआप काढून टाकतं. मी तिला गाड्यांच्या वेळांचं सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, मग ट्रेन गेल्यावर करायचं ना." अगं बाई, तेच तर करत होतो.

चार गाणी झाली. आईचा आवाज बाबांसारखा मोठा नव्हता, पण माइकात तो जवळ यायचा. बापूने मला कानावरचे डबे घालून ऐकवलं आणि मी दचकलेच, आई माझ्या डोक्याच्या आत गात होती. चारही गाणी सरळ झाली, कारण ती जुनी, सगळ्यांनी म्हणायची, त्यांत कोणाचं नाव नव्हतं. मग कॅसेटचं मुख्य गाणं आलं. त्याचं तोंड असं होतं:

वेचून वेचून कापूस सरला, कोरी माही पाटी,
अक्षरं सारी जमा केली म्या लेकी तुह्यासाठी.

सौंसरपर्यंत हे गाणं बाबांचं म्हणून माहीत होतं. बाई बोलते आहे आणि शेवटी 'देवराव म्हने' येतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

आईने तीन कडवी गायली, काय गायली! शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ आली, पेटीने उचललं, ढोलकीने उचललं, आणि आई गप्प. तेवढी जागा रिकामी, पुढे लगेच "म्हने लेकी, लिहून काढ तू नाव."

बापूला वाटलं मशीनने आवाज खाल्ला. "थांबा," म्हणाला, आणि फीत जिथे घासते ती जागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. दुसऱ्यांदा झालं, तेच. त्याने माइकची वायर बदलली, फुंकर मारली, मशीनला एक चापट दिली. तिसऱ्यांदा तेच. बापूच्या कपाळावर घाम. "आजवर असं केलं नाही वो यानं!" त्याने डबे माझ्या कानावर टाकले आणि फीत पुन्हा वाजवली. मी ऐकलं. मशीन चांगलं होतं. त्या रिकाम्या जागेत आईचा श्वास होता. तोंड उघडलं होतं, श्वास घेतला होता, आणि तो तसाच परत सोडला होता.

"आई, तू थांबून राहिली का तिथं?" मी विचारलं.

आईने पदर तोंडाला लावला. "मंग काय करू? मी कसं घेऊ वो त्यायचं नाव?"

सुखदेवकाका ढोलकीवर पडून हसायला लागले. आमच्या लोकांनी देव सोडले होते, उपास सोडले होते, अंगारा-धुपारा नदीत टाकला होता, पण नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हे काही सुटलं नव्हतं. आई त्यांना 'विमलचे बाबा' म्हणायची, बाबा तिला 'अवो'. शेतात हे गाणं म्हणतानाही ती त्या जागी 'हूं हूं' करायची, मी हजारदा ऐकलं होतं.

"वहिनी, उखाण्यात घ्या!" काका म्हणाले. "ढोलकीवर पडली थाप..."

"गप बसा भाऊजी."

"ताई, तीन-चार अक्षरं त हायेत," बापू हात जोडून म्हणाला. "उद्या टेप नागपूरले जाते."

"तुमची बायको घेते का तुमचं नाव?"

बापू मशीनकडे पाहायला लागला. आईने मात्र मनापासून प्रयत्न केला. डोळे मिटले, "दे..." म्हणाली, आणि असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. 'विमलचे बाबा म्हने' बसवून पाहिलं, ते ओळीत मावेना. बाबा पेटीवर बोटं ठेवून बसले होते. त्यांना बोलता येत नव्हतं, पण चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. आवाज तर कॅसेटमधून गेलाच होता, आता नावही चाललं होतं.

मग बापूला सुचलं. "विमल, शेवटची ओळ तू म्हन. बापाचं नाव घ्याले तुले कायची लाज? मी फीत कापून जोडतो, कोनाले पत्ता नाही लागत." सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई तर जवळजवळ हसली.

मी माइकापुढे उभी राहिले. पेटी सुरू झाली. लोकांना वाटतं मी तेव्हा मोठा विचार केला असेल, अन्याय वगैरे. तसलं काही नाही. मला फक्त ऐकायचं होतं. कानात आईचा तो श्वास नुकताच ऐकला होता आणि माझ्या मनात एवढंच आलं, की इथे तिचंच नाव घातलं तर ते बसेल का? कसं ऐकू येईल? पाढे उलटे वाजवून पाहावे तसं. ओळ आली आणि मी गायले:

"शेवंता म्हने लेकी, लिहून काढ तू नाव."

बसलं. काय बसलं! एक मात्रा इकडेतिकडे नाही. ढोलकीची थाप बरोबर तिच्या नावाच्या मधल्या अक्षरावर पडली.

पेटी थांबली. बाबा उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. आईने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मशीनचा काटा हलला. "बापाचं नाव खाल्लं कारटीनं! तीन जिल्ह्यांत मान हाये त्यायची, अन् तू..." तिने मला माइकाकडे ढकललं. "पुन्हा म्हन. बराबर म्हन." पण तेवढ्यात जमीन घरघरली. मालगाडी आली होती, आणि तिच्यापुढे कोणाचं काही चालत नसे.

मी बाहेर पळाले. बाबा संत्र्याच्या रिकाम्या पेटीवर बसले होते, मालगाडीच्या डब्यांकडे पाहत. गाडी एवढी खडखडत होती आणि त्यांचा आवाज असा गेलेला, मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"मले मालूम हाये कोनं बनवलं ते," ते म्हणाले. "तुले काय वाटते, बाप चोर हाये?"

"नाही बाबा. मी पुन्हा म्हनते."

"लोकं इचारत नव्हते. मी सांगत नव्हतो."

"अन् इचारलं असतं तर?"

बाबा गाडीचे डबे मोजत राहिले. मला खूप भीती वाटली, आणि त्यांची दयाही आली. हाताला घट्टे पडलेला माणूस, त्याच्याजवळ एकच गोष्ट होती आणि ती मी सगळ्यांसमोर उचलून दुसऱ्याला दिली होती. आईला दिली, तिचीच होती, हे खरं. पण त्यांच्याजवळ मग काय राहिलं? हा प्रश्न मला आजही पडतो, आणि त्याचं उत्तर मी माझ्या बाजूने देऊ शकत नाही. शेवटचा डबा गेला. बाबांनी चपलेतून पाय काढून तळपाय जमिनीवर टेकला, थोडं थांबले आणि सात बोटं दाखवली. सात मिनिटं. मग ते आत गेले.

आत आईच्या कानांवर डबे होते. बापूने तिला गप्प करायला म्हणून ते घातले असावेत. ती कापसाच्या भिंतीला टेकून, डोळे विस्फारून स्वतःला ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदा. बाबांना पाहून तिने डबे काढायला हात नेला, बाबांनी हातानेच 'राहू दे' केलं.

"घ्यायची का पुन्हा ओळ?" बापूने विचारलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी मशीनकडे बोट केलं, मग माइककडे, आणि जाऊन माइकापुढे बसले. प्रत्येक टेपच्या सुरुवातीला बापू रेडिओवाल्यासारखा आवाज काढून नावं सांगायचा, गाणारा कोण, बनवणारा कोण. ते अजून भरायचं होतं. बापू म्हणाला, "देवरावभाऊ, तुमच्यानं होनार नाही, मी सांगतो नं." बाबा हलले नाहीत. बापूने बटन दाबलं.

बाबांनी घसा खाकरला. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा, फाटक्या गोणपाटासारखा एक आवाज आला.

"गानं बनवनारी," ते म्हणाले, आणि थांबले. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते. त्यांनीही तिचं नाव कधी घेतलं नव्हतं, लग्नाला वीस वर्षं झाली होती तरी. "शेवंता. माही बायको. पेटीवर देवराव."

बापूने बटन सोडलं. सुखदेवकाका ढोलकीची दोरी उगाच ओढत बसले. आई अजून भिंतीला टेकलेली, डबे कानांवर तसेच, दोन्ही हातांनी दाबून धरलेले, जसे काही ते कोणी काढून नेणार होतं. तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं आणि ती पुसत नव्हती.

"कसं झालं?" बाबांनी विचारलं, आवाजाशिवाय, नुसत्या ओठांनी.

आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "सांग तुह्या बापाले. घसा पार गेला हाये. पन नाव बराबर घेतलं."